एकट्याची धाव, घोळक्यातली धाव

अविनाश साबळेविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुधा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावापासून सुरू होते. कोरडवाहू जमीन, कष्टाने संसार ओढणारे आई-वडील, सहा किलोमीटरवरची शाळा आणि तिथपर्यंतची रोजची पायपीट, बारावीनंतर सैन्यात भरती, ५ महार बटालियन, सियाचीनची थंडी, राजस्थानचे वाळवंट, सिक्कीम आणि मग कुठे धावण्याचा ट्रॅक. ही हकिकत खरी आहे आणि ती ऐकताना ऊर भरून येतो. तरीही ती संपली की मला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. या माणसाने जी शर्यत निवडली, ती धावणाऱ्याकडून नेमके काय मागते, हे त्या कथेत क्वचितच येते. जिद्द तर मॅरेथॉनलाही लागते आणि कुस्तीलाही लागते. तीन हजार मीटर स्टीपलचेसचे मागणे वेगळे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय साबळेने काय मिळवले आणि काय अजून मिळवायचे राहिले, हे नीट कळत नाही, असे माझे मत आहे.

शर्यतीचा हिशेब थोडक्यात असा. साडेसात फेऱ्यांच्या आसपास अंतर, त्यात २८ वेळा कोरडा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी, म्हणजे एकूण ३५ वेळा जमीन सोडायची. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ७६.२. ११० मीटर किंवा ४०० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा अडथळा ८० ते १०० किलो वजनाचा असतो आणि त्याच्या माथ्यावर पाच इंच रुंद तुळई असते. तो जागचा हलत नाही, त्याला आपटून माणूस खाली येतो. पाण्याच्या उडीत अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, जो अडथळ्यालगत सर्वांत खोल आणि पुढे चढत चढत ट्रॅकला मिळणारा असतो. म्हणून जो जितका दूर उडेल, त्याचा पाय तितक्या उथळ पाण्यात पडतो.

या शर्यतीचा जन्म ब्रिटन-आयर्लंडच्या गावांत झाला, जिथे एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधल्या दगडी भिंती आणि ओहोळ ओलांडत, आधी घोडेस्वार आणि पुढे माणसे पैज लावून धावत. गोव्यात राहणाऱ्याला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट पडत नाहीत. दिवाडी किंवा चोडण बेटावर उभे राहून पाहावे. दूरवर एक पांढरा मनोरा दिसतो, आणि तिथपर्यंत सरळ जायचे म्हटले तर मध्ये खाजन म्हणजे खाडीकाठच्या शेतीचे बांध, पाण्याने भरलेले पाट आणि एखादी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, आडवी येते. आमच्याकडच्या पोरांनी ही धाव अनेक पिढ्या नाव न देता केलेली आहे.

प्रत्यक्ष स्टीपलचेस मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती २०२३ मध्ये, ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली तेव्हा. ॲथलेटिक्स बांबोळीच्या मैदानावर होते. दिवाळीपूर्वीची ती दमट, अंगाला चिकटणारी हवा, जिच्यात सावलीत बसलेल्यालाही घाम सुटतो. मी मुद्दाम पाण्याच्या उडीच्या बाजूची जागा धरली होती. दूरदर्शनवर ही उडी फार डौलदार दिसते. जवळून पाहिल्यावर कळले की त्यात डौलापेक्षा ओझे अधिक आहे. धावपटू येतो, एक पाय तुळईवर ठेवतो, बुटाच्या तळाचे टोकदार स्पाइक्स लाकडात रुतल्याचा टक् असा बारीक आवाज येतो, त्याच पायाच्या रेट्याने शरीर पुढे फेकले जाते, आणि मग दुसरा पाय पाण्यात पडतो तेव्हा गुडघा क्षणभर लचकल्यासारखा खाली दबतो. शर्यत संपल्यावर कर्मचारी अडथळे हलवू लागले, तेव्हा त्या तुळईचा माथा पाहता आला. रंग उडालेला आणि स्पाइक्सच्या टोचांनी चाळणी झालेला. ती सगळी भोके मधल्या दीड-दोन हातांत होती. कडेला रंग शाबूत होता. सगळ्यांना तीच मधली जागा हवी असते.

स्टीपलचेस समजण्याची किल्ली मला त्या भोकांच्या गर्दीत सापडली. साध्या तीन हजार मीटरच्या धावेत घोळक्यात धावणे सोयीचे असते. पुढचा माणूस वारा अडवतो, वेगाची चिंता तो वाहतो. स्टीपलचेसमध्ये मात्र पुढचा माणूस अडथळाच झाकतो. एकटा धावणारा दहा-पंधरा मीटर आधीच तुळई पाहतो आणि पावलांचे माप थोडे लांबवून किंवा आखडून बरोबर उडीच्या जागी येतो. घोळक्यातल्याला ती तुळई पुढच्याच्या पाठीआडून, अगदी शेवटच्या क्षणी दिसते. त्याला उडावे लागते ते अंदाजाने, कोपर सांभाळत, आणि खाली उतरताना तिथे आधी कोणी पडलेले नसावे अशी आशा बाळगत. बाहेरच्या बाजूने धावले तर तुळई स्पष्ट दिसते, पण वळणावर प्रत्येक फेरीत जास्तीचे अंतर कापावे लागते. पुढे राहिले तर दृष्टी मोकळी राहते, पण वारा आणि वेग दोन्हींचा भार एकट्यावर येतो. या तीनांपैकी काय पत्करायचे, हा निर्णय धावपटूला तासाला बावीस किलोमीटरच्या वेगात, पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

साबळेची कारकीर्द मी याच प्रश्नाच्या अंगाने पाहतो.

त्याने स्टीपलचेस हाती घेतली २०१७ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी. जगातले मोठे स्टीपलचेसपटू त्या वयात जागतिक पदके घेऊन बसलेले असतात. सैन्यातल्या क्रॉस कंट्रीतून तो पुढे आला होता, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला या शर्यतीकडे वळवले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाळ सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियोत नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे हा विक्रम टिकला, ही गोष्ट सैनी यांच्या थोरवीची आहे तशीच आपल्या उदासीनतेचीही आहे. दोन पिढ्यांत या शर्यतीकडे कोणी गांभीर्याने पाहिलेच नव्हते. त्यानंतर साबळेने तो विक्रम स्वतःच्याच नावावरून स्वतःच्याच नावावर असा पुन्हा पुन्हा नेला. पतियाळा, दोहा, टोकियो, तिरुवनंतपुरम, रबात, बर्मिंगहॅम आणि २०२४ च्या जुलैत पॅरिसची डायमंड लीग, जिथे दहाव्यांदा विक्रम मोडताना त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली. सैनी यांच्या विक्रमापासून ही मजल जवळजवळ एकवीस सेकंदांची होते. त्या वेगाने धावणारा माणूस एकवीस सेकंदांत सव्वाशे मीटर पुढे गेलेला असतो.

मात्र विक्रमांच्या या यादीत एक उणीव दडलेली आहे. देशातल्या शर्यतींत त्याच्या आसपास कोणी नसे. बंदूक वाजली की तो पुढे, आणि थोड्याच वेळात बाकीचे मागे. त्याला प्रत्येक अडथळा मोकळा दिसे, प्रत्येक वेळी तुळईचा मधला भाग त्याच्या वाट्याला येई. त्याची झुंज घड्याळाशी होती आणि घड्याळ कोपर मारत नाही. सगळ्या जगात ज्या गोष्टी माणूस आपल्या देशातल्या शर्यतीत शिकतो, त्या शिकण्याची त्याची सोयच नव्हती, कारण त्या शिकवायला सोबतीला चार जण लागतात.

याची किंमत त्याला २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत मोजावी लागली. प्राथमिक फेरीत घोळक्यातल्या पडापडीत त्याचा मार्ग अडला, तो थांबला, सावरला आणि पुन्हा धावला. अंतिम फेरीसाठी तो पात्र ठरला नाही. भारतीय संघाने तक्रार केली, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम फेरीत जागा दिली. थक्क करणारी गोष्ट अशी की एवढा अडथळा येऊनही त्या प्राथमिक फेरीत त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. तीन दिवसांनी अंतिम शर्यतीत त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंदांची वेळ दिली, तेरावा आला आणि टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. वृत्तपत्रांनी विक्रमाचा मथळा केला, आणि ते स्वाभाविक होते. माझ्या मनात मात्र तो अडखळलेला क्षण राहिला, कारण तसा प्रसंग त्याच्यावर देशात कधी आलाच नव्हता.

माझी भाची फोंड्याच्या एका मैदानावर सराव करते. वय सोळा, शाळेकडून पंधराशे मीटर धावायची, आता स्टीपलचेस शिकते आहे. तिच्या सरांनी चिऱ्यांच्या दोन रचींवर माडाचा एक ओंडका आडवा टाकला आहे. गोल ओंडक्यावर पाय ठरत नाही, पावसात तर मुळीच नाही, म्हणून त्यांनी सुताराकडून त्याचा माथा तासून सपाट करून घेतला, बरोबर पाच इंच. मुली एकामागून एक येतात, ओलांडतात, वळसा घालून पुन्हा रांगेत लागतात. एका संध्याकाळी तालुक्यातल्या स्पर्धेहून परतताना ती गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा, आमच्या ओंडक्यावर माझी एकही उडी चुकत नाही. आज पुढे तिघी होत्या, मला अडथळा दिसलाच नाही.” तिच्या गुडघ्याला खरचटले होते, त्याबद्दल ती काही बोलली नाही. घरी गेल्यावर मी तिला दोह्याच्या त्या प्राथमिक फेरीची चित्रफीत दाखवली. तिने ती मध्येच थांबवली, मागे नेली, पुन्हा पाहिली, आणि साबळेच्या पुढे किती जण होते ते बोट ठेवून मोजले.

साबळेने ही उणीव ओळखली, हे त्याच्या पुढच्या निर्णयांवरून दिसते. २०२२ मध्ये तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, उंचावरच्या हवेत, स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेला. परक्या मुलखात, परक्या भाषेत, स्वतःहून वेगवान किंवा स्वतःच्या तोडीच्या माणसांबरोबर रोज धावायला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्याने पाच हजार मीटरमध्ये बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि रबातला स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे १२.४८ सेकंद दिले. पण शिकणे सरळ रेषेत होत नसते. जुलैत युजीनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम शर्यत विलक्षण संथ झाली. सगळे एकमेकांकडे पाहत धावले, आणि शेवटच्या फेरीत एकदम उधळले. मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने जिंकली ती ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत, म्हणजे साबळेच्या त्या वेळच्या उत्तम वेळेपेक्षा कितीतरी सावकाश. साबळे अकरावा आला, ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत. ज्याने आयुष्यभर घड्याळाला हरवले, त्याला संथ घोळक्यातून शेवटच्या चारशे मीटरमध्ये सुटण्याची विद्या ठाऊक नव्हती, असे मी त्या सकाळी ती शर्यत पाहून म्हटले होते आणि आजही म्हणेन.

तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा आली, आणि मला विचाराल तर त्याची सर्वांत मोठी शर्यत हीच. १९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाकडे गेली होती. केनियाच्या धावपटूंत रिओचा ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटोही होता. साबळे त्यांच्या पाठीला चिकटून धावला. ना पुढे एकटा, ना मागे सुरक्षित. अगदी त्याच घोळक्यात, जिथे अडथळा दिसत नाही आणि कोपरे लागतात. शेवटच्या फेरीत त्याने अमोस सेरेमला मागे टाकले, आणि अंतिम सरळ भागात अब्राहम किबिवोटच्या खांद्यापर्यंत पोचला. किबिवोट ८ मिनिटे ११.१५, साबळे ८ मिनिटे ११.२०. रौप्यपदक आणि नववा राष्ट्रीय विक्रम. सुवर्णापासून पाच शतांश सेकंद, म्हणजे त्या वेगाला हातभर अंतरही नाही. माझ्या घरात त्या दुपारी पाच शतांशांची हळहळ झाली, मला मात्र हळहळ वाटली नाही. युजीनला ज्याला संथ शर्यतीचे गणित सुटले नव्हते, तो वीस दिवसांत केनियाच्या धावपटूंच्या मधोमध राहून, त्यांच्याच रीतीने, शेवटच्या पावलापर्यंत लढला होता.

२०२३ मध्ये बुडापेस्टला तो अंतिम फेरीपर्यंत पोचला नाही, आणि काही आठवड्यांनी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने पुन्हा आपली जुनी रीत वापरली. सुरुवातीपासून पुढे, शेवटी एकटाच. ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण, आशियाई स्पर्धेचा विक्रम, आणि या शर्यतीत भारतीय पुरुषाचे पहिले सुवर्ण. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरचे रौप्यही त्याने घेतले. एकट्याने धावणे ही त्याची कमजोरी होती असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून हे सांगतो. ती त्याची ताकदच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत तो मुद्दाम पुढे निघाला, पहिल्या काही फेऱ्या त्याने नेल्या, पडापडीपासून दूर राहिला, आणि ८ मिनिटे १५.४३ सेकंदांत पाचवा येऊन अंतिम फेरीत गेला. ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोचणारा तो पहिला भारतीय पुरुष. अंतिम शर्यतीत तो अकरावा आला. त्याच शर्यतीत जागतिक विक्रमवीर लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. जगात सर्वांत वेगाने स्टीपलचेस धावलेला, ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा माणूस. या शर्यतीत अनुभवाने धोका कमी होतो, संपत नाही.

इथे ललिता बाबरचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण साबळेच्या आठ वर्षे आधी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एक मराठी मुलगी याच शर्यतीत धावून गेली होती, आणि तिचे नाव आपण पुरेसे घेत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता २०१६ मध्ये रिओला प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. माण आणि आष्टी, दोन्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावणारे तालुके. पाण्यात उडी घेण्याच्या शर्यतीतले आपले दोन मोठे धावपटू तिथून यावेत, याचे मला, बारमाही पाणी पाहणाऱ्या गोवेकराला, फार अप्रूप वाटते.

२०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीला साबळेने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण जिंकले, आणि जुलैत मोनाकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. बांबोळीला पाण्यात पडणाऱ्या पायाचा गुडघा कसा दबतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे ती बातमी वाचताना पोटात गोळा आला. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर धावपटू काही महिन्यांत सरळ धावू लागतो. वळणावर वेगाने धावणे त्यानंतर येते आणि एका पायावर उंचावरून उतरणे सर्वांत शेवटी. स्टीपलचेसपटूला हे शेवटचेच काम पस्तीस वेळा करायचे असते. वय तिशीपलीकडे गेलेले. तो पूर्वीच्या वेगाने परतावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु त्याने ८ मिनिटे ९ सेकंदांच्या आत यावे याहूनही मला एक गोष्ट अधिक हवी आहे. देशातल्या एखाद्या राष्ट्रीय स्पर्धेत, शेवटच्या फेरीच्या घंटेला, त्याच्याबरोबर आणखी तीन-चार जण असावेत. त्यांतल्या एखाद्याच्या कोपराचा धक्का त्याला लागावा, तुळईच्या मधल्या जागेसाठी झटापट व्हावी. पुढच्या साबळेला घोळका प्रथमच दोह्यात भेटू नये.

भाचीच्या सरांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, वादही घातला नाही. “एकेकीने उडी मारायची सवय मीच लावली,” एवढेच म्हणाले. पुढच्या आठवड्यात जुन्या ओंडक्याच्या जागी लांब ओंडका आला, चार मीटरच्या आसपासचा, आणि त्याखाली चिऱ्यांच्या दोनऐवजी तीन रची. आता पाच मुली एकदम सुटतात, पाच फेऱ्या होतात, आणि दर फेरीला सर मधली मुलगी बदलतात.